छडी मास्तरांची की मेंढपाळाची?

मुलांना मारण्याचे समर्थन करताना ख्रिस्ती समाजात बायबलचा दाखला शतकानुशतके दिला गेला. त्याच ग्रंथातील गोष्टी ‘कृपे’च्या दृष्टीने वाचाव्यात आणि मुलांना तशाच सांगाव्यात, असा आग्रह गेल्या तीन दशकांत ख्रिस्ती पालकांमधूनच पुढे आला आहे. या वाचनाला आधार कोणता आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा हा आढावा.

योना नावाच्या संदेष्ट्याला देवाने निनवे शहराकडे जाण्याची आज्ञा केली. तो उलट दिशेच्या जहाजात बसला, समुद्रात वादळ उठले आणि एका मोठ्या माशाने त्याला गिळले. लहान मुलांना ही गोष्ट सांगताना ती बहुधा इथेच आटोपते घेतली जाते. ‘मोठ्यांचे ऐकले नाही की असे होते’, एवढे तात्पर्य सांगून सांगणारा मोकळा होतो. मूळ गोष्ट मात्र पुढे बरीच चालते. मासा योनाला किनाऱ्यावर सोडतो, देव त्याला दुसऱ्यांदा तीच कामगिरी देतो, निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना क्षमा करतो आणि या क्षमेचाच योनाला राग येतो. शहराबाहेर रुसून बसलेल्या योनाला देव पुन्हा माशाच्या पोटात घालत नाही. त्याच्यावर सावली धरणारे झाड उगवतो, ते सुकू देतो आणि त्या झाडाचे दुःख करणाऱ्या योनाला विचारतो की, तुला एका झाडाची कणव येते, तर उजवा-डावा हातही न कळणाऱ्या १,२०,००० जीवांची आणि त्यांच्या गुराढोरांची कणव मला येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते.

एकाच गोष्टीतून धाकही काढता येतो आणि संवादही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. यांपैकी काय काढायचे, हा केवळ कथाकथनाचा प्रश्न नाही. ज्या घरात देवाला ‘पिता’ म्हटले जाते, त्या घरातील मूल देवाची पहिली कल्पना आपल्या आईवडिलांवरूनच बांधते. हातात छडी घेतलेला बाप ‘देवाने सांगितले म्हणून मारतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या मुलाच्या मनात बाप आणि देव या दोघांचेही चित्र एकदमच ठरून जाते.

कृपा म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. माणसाची लायकी न पाहता त्याला मिळालेले देवाचे प्रेम म्हणजे कृपा. ते कमावता येत नाही, म्हणून चुकल्याने गमावतही नाही. हाच विचार घरातील नात्याला लावला, की कृपाधिष्ठित पालकत्वाची कल्पना उभी राहते. मुलावरील प्रेम त्याच्या गुणांवर, वागण्यावर वा परीक्षेतील यशावर अवलंबून नसावे. घरात नियम आणि मर्यादा असाव्यात. पण त्या पाळून घेताना अपमान, धाक आणि मार यांचा आधार घेऊ नये, अशी तिची तीन मुख्य सूत्रे सांगता येतील.

या विचाराला पार्श्वभूमी आहे ती ख्रिस्ती समाजातील कडक शिस्तीच्या परंपरेची. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मातोश्री सुझाना वेस्ली यांनी १७३२ मध्ये मुलाला लिहिलेले संगोपनविषयक पत्र प्रसिद्ध आहे. मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच जिंकून घेतली पाहिजे, असे त्यांचे मत होते आणि वर्षाच्या आतबाहेरच मुलांना छडीचे भय व हळू आवाजात रडणे शिकवले जाई, असे त्यांनी लिहिले आहे. मात्र त्याच घरात दोन नियमही होते. आपण होऊन चूक कबूल करणाऱ्या मुलाला मारायचे नाही आणि एका चुकीबद्दल दुसऱ्यांदा बोल लावायचा नाही. कडक परंपरेच्या पोटातही कृपेचा अंश होता, असे यावरून म्हणता येते.

विसाव्या शतकात अमेरिकेत या परंपरेला नवे रूप मिळाले. बालमानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांचे ‘डेअर टू डिसिप्लिन’ हे पुस्तक १९७० मध्ये आले. तत्कालीन सैल संगोपनामुळे मुले बिघडत आहेत, असे सांगून त्यांनी मर्यादित शारीरिक शिक्षेचा पुरस्कार केला. २०२५ मध्ये निधन पावलेल्या डॉब्सन यांच्या विचारांचा प्रभाव अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांवर राहिला. त्याला उत्तरही ख्रिस्ती लेखकांनीच दिले. विल्यम आणि मार्था सिअर्स या डॉक्टर व परिचारिका दाम्पत्याने १९९७ मध्ये ख्रिस्ती पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात जवळीक आणि विश्वास यांवर भर दिला. टिम किमेल यांच्या २००४ मधील ‘ग्रेस-बेस्ड पेरेंटिंग’ने या विचाराला नावच दिले. २००७ मध्ये सॅली लॉइड-जोन्स यांचे ‘द जीझस स्टोरीबुक बायबल’ हे मुलांसाठीचे पुस्तक आले. बायबल म्हणजे नियमांची किंवा आदर्श वीरांची यादी नसून एका प्रेमाची सलग गोष्ट आहे, ही त्यामागची भूमिका होती.

एका शब्दाचे अनेक अर्थ

या वादात सर्वाधिक उद्धृत होणारे इंग्रजी वाक्य, म्हणजे छडी आवरली तर मूल बिघडते हे, बायबलमध्ये त्या शब्दांत नाहीच. ते सॅम्युअल बटलर या इंग्रज कवीच्या ‘ह्युडिब्रास’ या सतराव्या शतकातील उपहासात्मक काव्यातून रूढ झाले आणि तिथे त्याचा संदर्भ बालसंगोपनाचा नसून प्रेमप्रकरणातील थट्टेचा आहे. तथापि, त्याच्याशी मिळतीजुळती वचने बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात निश्चितच आहेत. तेराव्या, बाविसाव्या, तेविसाव्या आणि एकोणतिसाव्या अध्यायांत छडीने मुलाला वळण लावण्याचा उल्लेख येतो.

या वचनांतील मूळ हिब्रू शब्द आहे ‘शेवेत’. त्याचे अर्थ अनेक आहेत. मेंढपाळाची काठी, राजदंड, मारण्याची छडी, इतकेच नव्हे तर इस्राएलचा वंश किंवा कुळ यासाठीही हाच शब्द येतो. देवाला मेंढपाळ मानणाऱ्या तेविसाव्या स्तोत्रात धीर देणारी जी वस्तू आहे, तीही ‘शेवेत’च. प्रचलित मराठी अनुवादात मात्र नीतिसूत्रांतील ‘शेवेत’ची ‘छडी’ होते आणि स्तोत्रातील ‘शेवेत’ची ‘आकडी’. त्यामुळे मूळ शब्द एकच आहे, याचा मराठी वाचकाला पत्ताही लागत नाही. मेंढपाळ या काठीने श्वापदांना हाकलतो, मेंढरे मोजतो, भरकटलेल्याला वाटेवर आणतो. मेंढरांना बडवण्यासाठी ती नसते. म्हणून नीतिसूत्रांतील छडीचा अर्थही मार्गदर्शन असाच घ्यावा, असे सौम्य पालकत्वाचे अनेक पुरस्कर्ते सांगतात.

हा युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरता टिकणारा नाही. तेविसाव्या अध्यायात या काठीने मारण्याचाच स्पष्ट उल्लेख आहे. तिथे दुसरा अर्थ लावणे ही ओढाताण ठरते. या अडचणीकडे वेगळ्या बाजूने पाहिले ते विल्यम वेब या अभ्यासकाने. ‘कॉर्पोरल पनिशमेंट इन द बायबल’ या २०११ मधील पुस्तकात त्यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला. आजचे छडीसमर्थक उघड्या हाताने, एक-दोनच फटके, तेही ठरावीक वयापर्यंतच मारावेत, असे सांगतात. पण यांतील एकही अट बायबलमध्ये नाही. तिथे पाठीवर मार आहे, वळ उठण्याचे समर्थन आहे, वयाची मर्यादा नाही. म्हणजे ग्रंथातील शब्दाला चिकटून असल्याचा दावा करणारेही प्रत्यक्षात त्या शब्दापासून करुणेच्या दिशेने बरेच दूर आलेले आहेत. मग त्याच दिशेने आणखी एक पाऊल का टाकू नये, असा वेब यांचा प्रश्न आहे.

‘पहिले पाऊल’ नव्या करारात पौलाच्या पत्रांत दिसते. रोमन कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अनिर्बंध सत्ता दिली होती. अशा काळात इफिस आणि कलस्सै येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांनाही बजावले आहे की, मुलांना चिडीस आणू नका, नाही तर ती खचतील. मुलाच्या मनाचे काय होते, याची दखल घेणारी ही सूचना त्या काळाच्या मानाने लक्षणीय म्हटली पाहिजे.

प्रश्न विचारणारा देव

छडीच्या मूठभर वचनांपेक्षा कितीतरी मोठा भाग बायबलमध्ये गोष्टींचा आहे. चुकलेल्या माणसाशी देव प्रत्यक्ष कसा वागतो, हे या गोष्टींत दिसते आणि कृपेच्या दृष्टीने वाचणाऱ्यांचा भर त्यावरच आहे.

पहिलीच गोष्ट आदाम आणि हव्वेची. मना केलेले फळ खाऊन दोघे झाडांआड लपतात. देवाचा पहिला उद्गार आरोपाचा नाही. तू कुठे आहेस, असा प्रश्न आहे. त्यानंतरही प्रश्नच येतात. दोघे एकमेकांवर आणि सापावर दोष ढकलतात. कृत्याचे परिणाम टळत नाहीत. बागेबाहेर जावे लागतेच. पण जाण्यापूर्वी देव त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रे करून त्यांना घालतो. जे उघडे पडल्याने लाजले होते, त्यांची लाज झाकूनच त्यांना बाहेर पाठवले जाते.

काईनाच्या गोष्टीत हे अधिक स्पष्ट होते. भावाच्या अर्पणाचा स्वीकार झाला आणि आपल्या अर्पणाचा झाला नाही, म्हणून काईन संतापतो. खून होण्याआधीच देव त्याच्याशी बोलतो. तुला राग का आला, चेहरा का उतरला, असे विचारतो आणि दाराशी टपलेल्या पापावर तुला ताबा मिळवता आला पाहिजे, असे सांगतो. भावनेला नाव देणे आणि ती आवरता येईल असा विश्वास दाखवणे, हे आजचे बालमानसशास्त्रज्ञ पालकांना जे सांगतात त्याहून फारसे वेगळे नाही. काईन ऐकत नाही, हाबेलचा जीव घेतो आणि त्याला भटक्याचे जिणे भोगावे लागते. तरीही कोणी त्याला मारू नये म्हणून देव त्याच्यावर संरक्षणाची खूण करतो. शिक्षा झालेल्यालाही उघड्यावर सोडले जात नाही.

आधी भाकर, मग बोध

एलीया संदेष्ट्याची गोष्ट थकल्या-भागल्या मुलाच्या प्रत्येक आईला ओळखीची वाटावी अशी आहे. मोठा विजय मिळवल्यावर राणी ईजबेलच्या धमकीने तो घाबरतो, रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा खाऊ घालतो. पुढे होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव नसतो. नंतरच्या मंद, शांत स्वरात तो भेटतो. मग प्रश्न, मग नवे काम आणि जोडीला अलीशा हा सोबती. भुकेल्या, झोपमोड झालेल्या, घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी शहाणपण शिकवण्यात अर्थ नसतो, हे या क्रमातून सहज उमगते.

असाच क्रम नव्या करारात पेत्राच्या बाबतीत येतो. येशूला अटक झाली त्या रात्री अंगणातल्या कोळशाच्या शेकोटीपाशी पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी येशू त्याला भेटतो, तेव्हाही कोळशाची शेकोटी पेटलेली असते. या शेकोटीसाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी आढळतो. आधी मासे आणि भाकर, मग तीन वेळा एकच प्रश्न आणि प्रत्येक उत्तराबरोबर एक जबाबदारी. नाकारण्याचा उच्चारही होत नाही, पण तो विषय टाळलाही जात नाही. चूक जिथे झाली, तिथूनच विश्वास पुन्हा बांधला जातो.

धावत निघालेला बाप

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा या साऱ्या विचाराचा गाभा मानली जाते. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परदेशी जाऊन सारे उधळतो आणि डुकरे चारण्याची पाळी आल्यावर परततो. मध्यपूर्वेत सुमारे चार दशके अध्यापन केलेले अभ्यासक केनेथ बेली यांनी या कथेतील सामाजिक संकेत उलगडून दाखवले. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे त्याचे मरण चिंतण्यासारखे होते आणि प्रतिष्ठित कुटुंबप्रमुखाने सर्वांदेखत धावणे हे कमीपणाचे मानले जाई. तरीही मुलगा दूर असतानाच बाप धावत सुटतो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ हे मुलाने पाठ करून आणलेले वाक्य पुरे होण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे मागवले जातात. गावाने मुलाचा अपमान करण्यापूर्वी बापाने तो स्वतःवर घेतला, असे बेली यांचे विवेचन आहे.

कथेचा दुसरा भाग अनेकदा सांगायचा राहून जातो. थोरला मुलगा आज्ञाधारक आहे, कष्टाळू आहे आणि मनातून कडवट झालेला आहे. इतकी वर्षे तो चाकरासारखा राबला, अशी त्याची तक्रार आहे. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत काढतो आणि जे माझे ते सर्व तुझेच आहे, असे सांगतो. धाकट्याने उधळलेला हिस्सा परत मिळालेला नाही, हेही या वाक्यातून कळते. क्षमा झाली, परिणाम राहिले. थोरला घरात गेला की नाही, हे कथा सांगत नाही. धाकाने वा शाबासकीच्या आशेने आज्ञा पाळणारे मूलही बापापासून दूर जाऊ शकते, हा मुद्दा सुसंस्कृत, ‘हुशार’ मुलांच्या पालकांना विचार करायला लावणारा आहे.

लाड म्हणजे कृपा नव्हे

‘मारायचे नाही म्हणजे मुलांना डोक्यावर बसवायचे’, हा सौम्य पालकत्वावरील नेहमीचा आक्षेप. मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात हुकमी, सैल आणि अधिकारयुक्त पण प्रेमळ अशा संगोपनाच्या तीन पद्धती वेगळ्या केल्या. यांपैकी सैलपणाविरुद्ध बायबलइतका कठोर इशारा क्वचितच कोणी दिला असेल.

एली याजकाचे मुलगे मंदिरात लोकांच्या बळीचे मांस जबरदस्तीने बळकावतात. एली त्यांना चार शब्द सुनावतो, पण आवरत नाही आणि घराण्याचा नाश होतो. राजा दावीदाची कथा त्याहून करुण आहे. थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार करतो. दावीद संतापतो, पण करत काहीच नाही. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनला ठार करून पळतो. तीन वर्षांनी दावीद त्याला परत आणवतो, पण आणखी दोन वर्षे त्याचे तोंड पाहत नाही. ही अर्धवट क्षमाच पुढे बंडाला कारणीभूत ठरते, असे अनेक भाष्यकार मानतात. ‘त्या पोराला सांभाळून घ्या’ अशी विनवणी दावीद सेनापतींना करतो, तीही फळत नाही. अबशालोम मारला जातो आणि त्याच्या जागी आपण मेलो असतो तर बरे, असा आक्रोश बाप करतो. धावत निघालेला बाप आणि तोंड न पाहणारा बाप यांतील अंतर या दोन कथा शेजारी ठेवल्या की दिसते. चौथा मुलगा अदोनीया याला तर ‘तू असे का केलेस’, असे बापाने कधी विचारलेच नव्हते, अशी नोंद आहे.

दुसऱ्या टोकाला आहे शलमोनाचा मुलगा रहबाम. छडीची वचने असलेली नीतिसूत्रे परंपरेने ज्याच्या नावावर आहेत, त्याच राजाचा हा वारस. प्रजा भार हलका करण्याची विनंती घेऊन येते. वडीलधारे त्याला सौम्य बोलण्याचा सल्ला देतात. बरोबरीचे मित्र धाक वाढवायला सांगतात. रहबाम दुसरा सल्ला मानतो आणि दहा वंश त्याचे राज्य सोडून जातात. नीतिसूत्रांच्या बाजूलाच ही गोष्टही त्याच ग्रंथाने जपून ठेवली आहे.

अवघड पाने

या दृष्टीने सारे बायबल गोड करून वाचता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. जलप्रलय आहे, इसहाकाला वेदीवर बांधणारा अब्राहाम आहे, अविचाराने केलेल्या नवसापायी स्वतःच्या मुलीचा बळी देणारा इफ्ताह आहे, अलीशाची टर उडवणाऱ्या मुलांवर तुटून पडलेल्या अस्वली आहेत. हट्टी, बंडखोर मुलाला गावाने दगडमार करावा, असा नियमही ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे.

या नियमाचे पुढे काय झाले, हे उद्‌बोधक आहे. यहुदी धर्मपंडितांनी त्याला इतक्या अटी घातल्या की तो लागू होणेच अशक्य झाले. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. हा मजकूर केवळ अभ्यासून पुण्य मिळवण्यासाठी आहे, असे मत ताल्मुदमध्ये नोंदलेले आहे. म्हणजे कठोर वचनाला करुणेने वाचण्याची रीत आधुनिक मानसशास्त्राने आणलेली नाही. ती त्या परंपरेतच जुनी आहे. ‘जुन्या करारातील देव कडक आणि नव्यातील प्रेमळ’ ही सोपी विभागणीही म्हणूनच फसवी ठरते. काईन, एलीया आणि योना यांच्या गोष्टी जुन्या करारातल्याच आहेत.

दुसरी मर्यादा अशी, की या गोष्टी पालकत्वाचे धडे म्हणून लिहिल्या गेलेल्या नाहीत. उधळ्या पुत्राची कथा येशूने सांगितली ती पापी लोकांसोबत जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या धर्मपंडितांना. तिच्यातून आजच्या संगोपनाचा प्रत्येक नियम काढू पाहणे म्हणजे आपलेच मत ग्रंथाच्या तोंडी घालणे होय. छडीचे समर्थक जी चूक करतात, तीच दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते.

न्यायालयात पोचलेला वाद

हा वाद घराघरांपुरता उरलेला नाही. स्वीडनने १९७९ मध्ये पालकांनीही मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असा कायदा करणारा तो पहिला देश. त्याच्या आदल्याच वर्षी बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांनी फ्रँकफर्ट येथे शांतता पुरस्कार स्वीकारताना एका आईची हकिकत सांगितली होती. छडीशिवाय मूल वाढत नाही, अशा समजुतीच्या काळात त्या आईने मुलाला स्वतःच छडी शोधून आणायला सांगितले. मूल रडत परतले. छडी मिळाली नाही, पण तू मला हा दगड मारू शकतेस, असे म्हणून त्याने दगड पुढे केला. आईला मला दुखवायचेच आहे, तर दगडही चालेल, हा त्या मुलाचा तर्क होता. आईने तो दगड आठवण म्हणून फळीवर ठेवून दिला.

ब्रिटनमध्ये काही ख्रिस्ती शाळा व पालकांनी शारीरिक शिक्षा हा आपल्या श्रद्धेचा भाग असल्याचे सांगून शाळांमधील बंदीला आव्हान दिले. ही श्रद्धा खरी असल्याचे मान्य करूनही २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मुलांच्या संरक्षणासाठी बंदी योग्य ठरवली. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २०१९ मध्ये पालकांना ‘वाजवी शिक्षे’च्या नावाखाली मिळणारे कायदेशीर संरक्षणही रद्द केले. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने २००४ मध्ये, तर प्रेस्बिटेरियन चर्चने २०१२ मध्ये शारीरिक शिक्षेविरुद्ध ठराव केले.

संशोधनाचा कलही त्याच बाजूला आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. उघड्या हाताने दिलेल्या साध्या चापटीचाही संबंध आक्रमकता, मानसिक अस्वास्थ्य आणि पालकांशी बिघडलेल्या नात्याशी आढळला. सुधारलेल्या वर्तनाशी आढळला नाही. अशा संबंधावरून कारण सिद्ध होत नाही, असा आक्षेप काही संशोधक घेतात. मात्र मार दिल्याने मूल सुधारते, याचा पुरावा या आढाव्यातून पुढे आला नाही.

भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. मुलांशी क्रूर वागणूक हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. घरातील रोजच्या चापटीला मात्र स्वतंत्र मनाई नाही. तिथे निर्णय पालकाचाच असतो, मग घर ख्रिस्ती असो वा अन्य कोणत्या धर्माचे.

गोष्ट सांगताना

मुलांना गोष्ट सांगण्याची पद्धत बदलावी, एवढीच साधी अपेक्षा या विचाराची आहे. तात्पर्य आधी सांगू नये. काईनाला कसे वाटले असेल, थोरला भाऊ आत गेला असेल का, असे मुलालाच विचारावे. गोष्टीतील पात्राचे नाव घेऊन मुलाला टोचू नये. ‘तू अगदी योनासारखा आहेस’ असे म्हटले की गोष्टीची छडी होते. मूल चुकले असेल त्याच घटकेला बायबल काढू नये. एलीयाप्रमाणे आधी खाणे, झोप, जवळ घेणे आणि मग बोलणे. नियम मोडल्याचा परिणाम मात्र टाळू नये. सांडलेले पुसायला लावावे, मोडलेले दुरुस्त करायला लावावे, दुखावलेल्याची क्षमा मागायला शिकवावे आणि ते करताना मूल एकटे पडणार नाही, हे पाहावे.

या अपेक्षांचा सर्वांत कठीण भाग पालकांच्याच वाट्याला येतो. कामावरून थकून आलेल्या आईवडिलांचा हात उठतो, आवाज चढतो. कृपेचा सिद्धान्त खरा मानायचा तर त्यातून पालकही सुटत नाहीत आणि वगळलेही जात नाहीत. मुलाजवळ जाऊन ‘माझे चुकले’ असे म्हणणारा बाप आपला अधिकार गमावतो, असे या गोष्टींतून कुठेच दिसत नाही. मेंढपाळाच्या हातातही काठी असतेच. ती कोणासाठी उगारायची आणि कोणाला आधार म्हणून द्यायची, हे त्याला ठाऊक असावे लागते.